होय, वास येतो

कणकवलीच्या बाजारापासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. होता म्हणते, कारण गुडघ्यांचं जिन्याशी पटेनासं झालं आणि गेल्या वर्षी मी पाटी उतरवली. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मी आयुष्य घालवलं, पण जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांच्या लेखी मी शेवटपर्यंत ‘नायट्याची डॉक्टरीण’च राहिले. त्यात खोटं काही नाही. आमच्याकडची दमट हवा, बाराही महिने येणारा घाम, पावसाळ्यात न वाळणारे कपडे, या सगळ्यांनी माझा दवाखाना कधी रिकामा राहू दिला नाही.

आमच्या धंद्यात डोळे लागतात, बोटं लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाकही लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही. पिकलेल्या जखमांचे वास वेगवेगळे असतात. एका जातीच्या जंतूंनी धरलेली जखम पिकल्या फळासारखी गोडसर वास मारते. सतत ओल्या राहणाऱ्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्यांचा वास वेगळा, औषध न लावता नुसतं फडकं गुंडाळून ठेवलेल्या खरजेचा वेगळा. घरी मी कधी नाक मुरडलं की माझे यजमान म्हणायचे, “दवाखाना बंद करून आलीस ना, आता नाकही बंद कर.” पण एकदा उघडलेलं नाक बंद होत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगण्यात आलं तेव्हा मला नायटा, खरूज आणि कोंड्याच्या साध्या हकिगती आठवल्या. त्या मजेदार आहेत, पण त्या कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरकडे मिळतील. मी लिहिणार आहे ते एका मुलीबद्दल. तिच्यासारखा रुग्ण माझ्याकडे त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. तिची आणि घरच्यांची नावं मी बदलली आहेत. हे लिहायला तिची हरकत नाही. उलट ‘लिहाच’ असं तिनेच सांगितलं.

दीक्षा पहिल्यांदा आली ती श्रावणात. सोबत तिची आई, सुरेखा. मालवणच्या किनाऱ्यावरची मासेमारी करणारी माणसं. वडील, दाजी, होडीवरचे तांडेल, म्हणजे होडी आणि माणसं दोन्ही ज्याच्या हुकमात चालतात तो. सुरेखा सुकी मासळी विकायची. दीक्षा कोल्हापूरला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती, तेव्हा रजा घेऊन घरी आली होती. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. कोपरापर्यंत कातडी लाल, सुजलेली, जागोजाग चिरलेली. काखेतली तर सोललेलीच.

“कुठला साबण लावतेस?” मी विचारलं.

ती खाली बघत राहिली. सुरेखा म्हणाली, “कपड्याचो साबण लावता, बाई. वर धुण्याचो सोडो. दिसाक चार-चार वेळा न्हाता. मी सांगून थकलंय.”

“कित्याक गो? का असं?” मी दीक्षाला विचारलं.

दीक्षाने मान वर केली. एखाद्या रुग्णाचा अहवाल वाचून दाखवावा तशी, शुद्ध मराठीत ती म्हणाली, “मॅडम, माझ्या अंगाला वास येतो. नासलेल्या माशांचा.”

मी खुर्ची पुढे ओढून तिच्याजवळ गेले. साबणाचा वास होता, जखमांवर लावलेल्या मलमाचा होता. दुसरा कसलाच नव्हता.

“तुला स्वतःला येतो का हा वास?”

“नाही. मला कधीच येत नाही. लोकांच्या तोंडावर दिसतो.”

मग तिने सांगितलं ते असं. वाडीत असताना कुणाला काही जाणवलं नव्हतं. जिथे दारोदार सुकट पसरलेली, सगळ्यांच्याच कपड्यांना मासळीचा वास, तिथे एकीचा वेगळा कोण काढणार? शाळेत मुलं ‘सुकट’ म्हणून चिडवायची, पण ते आईच्या धंद्यावरून असेल असं तिला वाटायचं. कोल्हापूरला गेल्यावर खरं सुरू झालं. खोलीतल्या मुली भर थंडीत खिडकी उघडी ठेवू लागल्या. मग एकीने आपली खाट दाराकडे सरकवली. मग तक्रार झाली आणि दीक्षाला कोठाराशेजारच्या एकट्या खोलीत हलवलं. एसटीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची, गाडी भरलेली असली तरी. वॉर्डात एका रुग्णाच्या नातेवाइकाने सरळ सांगितलं, ही मुलगी आमच्या माणसाजवळ नको. त्यानंतर तिने सोडा आणला.

कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. त्यांना वास आला नाही. त्यांनी मनाच्या आजाराच्या गोळ्या दिल्या, आणि त्या खाऊन ती वर्गात झोपू लागली. ते डॉक्टर अडाणी नव्हते, हे मला इथे सांगितलं पाहिजे. आपल्या अंगाला घाण वास येतो अशी खात्री पटण्याचा एक मानसिक आजार खरोखरच असतो. तसा एक गृहस्थ माझ्याकडे काही वर्षं येत होता. दिवसभर अत्तर लावायचा आणि बायकोला दर तासाला हुंगायला लावायचा. दीक्षाचं ऐकताना मलाही तोच आठवला.

“मॅडम, तुम्हाला येतो का वास? खरं सांगा.”

“आत्ता तरी नाही गो येत.”

कुठल्याही रुग्णाने या उत्तरावर सुटकेचा श्वास टाकला असता. दीक्षा रडायला लागली, आणि रडताना तिची शुद्ध मराठी सुटली. “म्हणजे तुमका पण वाटता माका येड लागला!”

“तसं मी म्हटलं नाही. आत्ता येत नाही, एवढंच म्हटलं. कधी जास्त असतो, कधी कमी असतो, असं काही आहे का? लोकांच्या तोंडावर बघून सांग.”

तिने डोळे पुसले. जरा विचार केला. पाळीच्या दिवसांत जास्त असतो, म्हणाली. परीक्षेच्या वेळी, घाम आला की जास्त. “श्रावणात घरी आले की बरं असतं. घरी कुणी बोलत नाही म्हणून असेल.”

“आणि सुट्टी संपवून परत गेलीस की?”

“गेल्यावर आठवडाभर फार वाईट असतं.”

“जाताना घरून काय नेतेस?”

“मेसचा जेवण तिका जाणा नाय,” सुरेखा मध्येच म्हणाली. “मी बांधून देतंय. सुकट, सुको जवळो, बोंबील. तेवढाच पोटाक लागता तिच्या.”

श्रावणात आमच्याकडे बहुतेक घरांत मासे बंद असतात. मला त्या क्षणी काही लख्ख कळलं असं मी म्हणणार नाही. शिकत असताना एका जाड पुस्तकात वाचलेल्या चार ओळी मनात कुठेतरी हलल्या, एवढंच. मी तिला हातांसाठी मलम दिलं, सोडा बंद करायला लावला, आणि सांगितलं, “गणपती झाले, घरात मासे सुरू झाले, की चार दिवस पोटभर खा. मग ये. आणि त्या दिवशी साबण न लावता ये.”

सुरेखाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच गोळ्यांची गरज असावी.

गणपती झाल्यावर एका सकाळी त्या आल्या. दार उघडलं, दीक्षा आत आली, आणि ती खुर्चीपर्यंत पोचायच्या आत तो वास माझ्यापर्यंत पोचला. न धुतलेल्या अंगाचा वास तो नव्हे. तो मी आयुष्यभर ओळखत आले. हा भर दुपारी जेटीवर, सावलीला न ठेवलेल्या टोपलीचा वास होता. मी डॉक्टर असले तरी माझी मान आपोआप मागे गेली. तिने ते पाहिलं. अशा गोष्टी पाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“येतो,” मी म्हटलं. “दीक्षा, वास येतो. चांगलाच येतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने आईचा दंड धरून हलवला. “आये, ऐकलंस मा? येता म्हणतत! माका येड नाय लागूक!”

कर्करोग नाही, महारोग नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आणि पुष्कळांनी माझे आभार मानले. तुझ्या अंगाला घाण वास येतो, असं सांगितल्याबद्दल माझे हात हातात घेणारी हीच एक.

त्याच दुपारी मी मुंबईला नलिनीला फोन लावला. नलिनी माझी कॉलेजची मैत्रीण, जन्मजात आजारांच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मी सांगायला लागले, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने नाव सांगितलं: ट्रायमिथिलअमिनुरिया. बोलीत त्याला ‘फिश ओडर सिंड्रोम’ म्हणतात.

सिंड्रोम हा शब्द ऐकला की माणसं दचकतात. त्यात दचकण्यासारखं काही नाही. काही लक्षणं पुन्हा पुन्हा एकमेकांच्या सोबतीने दिसली की डॉक्टर त्या जमावाला एक नाव देतात, झालं. नाव पडलं म्हणजे कारण कळलं असं होत नाही. गावात एखाद्याला टोपणनाव पडतं आणि त्याचं मूळ कुणालाच ठाऊक नसतं, तसं कित्येक सिंड्रोमांचं असतं. नाव एका पिढीत पडतं, कारण पुढच्या एखाद्या पिढीला सापडतं. दीक्षाच्या बाबतीत आमचं नशीब की कारण सापडलेलं होतं, आणि ते आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजायला अगदी सोपं होतं.

ताज्या माशाला वास येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. समुद्रातल्या माशांच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा शिळा होऊ लागला की जंतू त्या पदार्थाचं रूप पालटतात आणि त्याचा ट्रायमिथिलअमिन नावाचा वायू होतो. मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो मुख्यतः याचा. आता हेच काम आपल्या आतड्यातले जंतूही करतात. समुद्राचा मासा खाल्ला की तुमच्या-माझ्या पोटातही हा वायू तयार होतो. अंडी, काळीज, काही कडधान्यं यांपासूनही थोडाफार होतो. पण आपलं यकृत त्याला गाठून पुन्हा बिनवासाचा करून टाकतं. ज्याच्या यकृतात हे काम करणारं रसायन जन्मापासून नीट बनत नाही, त्याच्या घामातून, श्वासातून, लघवीतून तो वास तसाच बाहेर पडतो. बाकी प्रकृती ठणठणीत. दुखत नाही, खुपत नाही. फक्त माणसं लांब जातात.

आणि सोडा? मासे चिरल्यावर आपण हाताला लिंबू किंवा चिंच चोळतो, कारण आंबटाने हा वास जखडला जातो. सोडा आणि कपड्याचा साबण आंबटाच्या नेमके उलट. ते त्याला मोकळा सोडतात. म्हणजे ही पोर जितकी घासत होती तितका वास वाढत होता, आणि वाढला म्हणून पुन्हा घासत होती. हे तिला सांगितलं तेव्हा ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

खात्री करायला लघवीची तपासणी हवी होती. आदल्या दिवशी भरपूर मासे खाऊन नमुना घ्यायचा, त्यात थोडं आम्ल टाकायचं आणि गोठलेल्या स्थितीत मुंबईला पोचवायचा. इतक्या लांब तो गोठलेला कसा राहायचा, या विचारात मी असताना दाजी पहिल्यांदा दवाखान्यात आले. उंच, कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, आमचे मासे मुंबयपर्यंत जातत. ह्या जावचा नाय?”

सुरेखाने पेडव्यांचं तिखलं केलं, सुरमई तळली. हे खाणं पुढे बंद होणार, याची तिघांनाही कल्पना आली होती. दीक्षाने मला नंतर सांगितलं. जेवताना दाजींनी आपल्या ताटातली तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दाजी थर्माकोलचं खोकं घेऊन आले. जेटीवरचा बर्फ, त्यावर जाडं मीठ, मधोमध माझ्या फ्रीजमध्ये गोठवलेली बाटली, वर पुन्हा बर्फ आणि चिकटपट्टी. कणकवलीहून गाडी पकडून ते स्वतः ते खोकं नलिनीच्या हातात देऊन आले. परतल्यावर मी विचारलं, प्रवास कसा झाला?

“काय सांगू, बाई. अख्खो डबो विचारी, काय आसा, पापलेट? मी म्हटलय, सुरमय. एक बाई पाठीच लागली. म्हणता, अर्धी तरी देवा, ठाण्याक उतरतंय.”

“मग?”

“मगे काय! म्हटलय, बाय, ही ऑर्डरीची आसा.”

एरवी न हसणारा हा माणूस मोठ्याने हसला, आणि हसू ओसरलं तसं म्हणाला, “बाई, ह्या कोणामुळे झाला?”

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले. कोड, जन्मखूण, जन्मजात कोरडी सालपटणारी कातडी, काहीही असो. कशामुळे झालं असं विचारणारे थोडे, कोणामुळे झालं असं विचारणारे पुष्कळ. आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. आई. तिने ग्रहण पाळलं नाही, तिने काहीतरी खाल्लं, तिची नजर कशावर तरी पडली. मी दाजींना म्हटलं, अहवाल येऊ दे. मग सगळ्यांना घेऊन या. आजीलाही आणा.

अहवाल आला. नलिनीने दीक्षाचं रक्त मागवून घेऊन त्यातल्या जनुकांचीही तपासणी केली होती. शंका उरली नाही.

दाजींची आई, म्हणजे दीक्षाची आजी, काठी टेकत जिना चढून आली आणि बसायच्या आधीच सुरेखाकडे बोट करून म्हणाली, “मी हिका तेव्हाच सांगतलेलंय. पोटुशी होती तेव्हा सुकटीच्या राशीर बसान विकी. पोराक वास लागात नाय तर काय?”

 सुरेखाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला खटकलं. सासूचं म्हणणं तिला केव्हाच पटलेलं होतं. मुलगी जन्मल्यापासून ती हे मनात धरून जगत होती.

“आजी, सुकटीने असं होत नाही,” मी म्हटलं. “तसं असतं तर तुमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांना हे झालं असतं. शरीरातलं प्रत्येक काम कसं करायचं, याचा हुकूम आपल्याला दोनदा मिळतो. एकदा बापाकडून, एकदा आईकडून. एक बिघडलेला असला तरी दुसऱ्यावर काम चालतं.”

आजीच्या चेहऱ्यावरून काही कळलेलं दिसेना. दाजी म्हणाले, “आये, होडयेक दोन मशिनी आसतत ना, तसा. एक बंद पडली तरी होडी घराक येता.”

“अगदी तसंच,” मी म्हटलं. “दाजींचं एक मशीन जन्मापासून बंद आहे. सुरेखाचंही एक बंद आहे. दोघं आयुष्यभर दुसऱ्या मशीनवर चालले, त्यांना पत्ताही लागला नाही. दीक्षाला दोघांकडून नेमकं बंद पडलेलंच मिळालं. यात कुणी काही केलं नाही. कुणी काही खाल्लं नाही.”

“पण दोघांची सारखीच मशीन बंद कशी?” दाजींनी विचारलं.

मला हेच सांगायचं होतं, आणि तेच अवघड होतं. सुरेखा ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. दाजी आणि ती आतेभाऊ-मामेबहीण. आमच्याकडे अशी लग्नं पुष्कळ होत आली आहेत, माणसं जवळची राहतात म्हणून हौसेने होतात. पण दोघांचं मूळ घर एक असलं की तेच बंद मशीन दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. मी शक्य तितक्या हळुवार शब्दांत ते सांगितलं. आजीकडून दाजींना आलं असावं, आजीच्या भावाकडून सुरेखाला. आणि आजीला नि तिच्या भावाला त्यांच्या आईवडिलांकडून.

“म्हणजे आमच्याच घरातला,” आजी म्हणाली.

तिने काठी मांडीवर आडवी घेतली.  ती कुणाकडे न बघता बोलायला लागली.

“आमची थोरली भैण होती. शेवंती. दिसाक देखणी. लगीन करून दिला, नि म्हयनो नाय झालो, परत धाडल्यानी. वास येता म्हणान. लोक म्हणीत, भूत-देवचार लागलो. बापाशीन तिका मागल्या पडयेत ठेवल्यान. ताट वेगळा, हातरुण वेगळा. मी ल्हान होतंय. ती माका हाक मारी. मी नाक धरून पळान जाय.”

“मग काय झालं तिचं?” दीक्षाने विचारलं. या बाईबद्दल तिने, दाजींनी, कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

“तापान गेली. कोणी जवळ नाय होता.”

दीक्षा उठून आजीच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारीने तिला जवळ ओढलं, तिच्या मानेत तोंड घातलं आणि रडली. दीक्षाचं अंग ताठ झालं होतं. इतक्या जवळ तिने कितीतरी दिवसांत कुणाला येऊ दिलं नव्हतं. मग हळूहळू ते सैल पडलं. काही वेळाने आजी डोळे पुसून सुनेला म्हणाली, “सुरेखा, मी तुका काय काय बोललंय.”

“ऱ्हवांदे, आये,” सुरेखा म्हणाली. एवढंच. पण जिना उतरताना तिने सासूचा हात धरला होता, आणि काठी दाजींकडे होती.

पुढच्या वर्षी म्हाळाच्या दिवशी आजीने घरच्या पूर्वजांच्या पंक्तीत शेवंतीचंही पान वाढायला लावलं, असं सुरेखाने मला सांगितलं. माहेरच्या माणसाचं पान सासरच्या म्हाळात कसं, असं कुणीतरी विचारलं म्हणे. आजीने शेवंतीच्या पानावर आणखी एक वडा ठेवला.

उपचारांचं सांगायचं तर हा आजार जात नाही. जनुकातली चूक दुरुस्त करायला माझ्याकडे मलम नव्हतं आणि नलिनीकडेही नव्हतं. समुद्राचे मासे आणि सुकट बंद, अंडी आणि काळीज जवळजवळ बंद, आंबटपणा राखणारा सौम्य साबण, कधी फार वाढलं तर आतड्यातले जंतू कमी करणारं औषध थोडे दिवस. कारण कळूनही हाती एवढंच यावं, याची मला अजून रुखरुख वाटते. वास बराच कमी झाला; संपला कधीच नाही.

मालवणात जन्मलेल्या मुलीला मासे बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत तो पदार्थ नसल्यासारखाच असतो, ते चालतील, असं मी सहज म्हटलं होतं. त्यानंतर वाडीत एक नवलाचा देखावा दिसू लागला. दर्यावर आयुष्य काढलेला तांडेल सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून आतल्या गावातल्या धरणावर जायचा आणि पोरासोरांसारखा गळ टाकून बसायचा. सोबतीचे खलाशी टिंगल करायचे. दीक्षा मला म्हणाली, “मॅडम, त्या माशांना चिखलाची चव असते. पण बाबांना सांगू नका.”

कोल्हापूरला परत जायचा दिवस आला तेव्हा मी तिला म्हटलं, मी तुझ्या प्राचार्यांशी बोलते. ती म्हणाली, “मीच बोलेन.” आणि ती बोलली. वर्गासमोर उभी राहून फळ्यावर यकृत काढलं, बाण काढले, हा वायू कुठून येतो आणि माझ्यात कुठे अडतो ते दाखवलं. मग म्हणाली, “मला स्वतःला वास येत नाही. म्हणून मला तुमची नाकं उसनी हवीत. वाढला की मला तोंडावर सांगा, मागे नको.”  पहिल्यांदा जिने खाट दाराकडे सरकवली होती, तीच उठून म्हणाली, मी सांगत जाईन. आणि सांगत गेली. सगळ्या मुली काही बदलल्या नाहीत. कोठाराशेजारची खोली मात्र सुटली.

आता दीक्षा आमच्याच जिल्ह्यात, एका खाजगी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. लग्नाचं अजून जमलेलं नाही. येणाऱ्या स्थळाला ती पहिल्याच भेटीत सगळं सांगते. दोन जण चहा न घेताच उठून गेले. तिसरा अजून फोन करतो, पण त्याबद्दल ती मला फारसं सांगत नाही.

मध्यंतरी ती माझ्या घरी आली होती तेव्हा ओटीवर बसून तिने मला एक गोष्ट सांगितली. वॉर्डात तापाने आलेली चार-पाच वर्षांची एक मुलगी होती. सुईच्या भीतीने कुणाला हात लावू देत नव्हती. दीक्षा तिच्याजवळ वाकली, तशी पोरगी एकदम रडायची थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तुझ्या आंगाक माशांचो वास येता!”

पोरीच्या आईने कपाळावर हात मारला. शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली.

“येता गो,” दीक्षा म्हणाली. “माका म्हायत आसा.”

“खंयच्या माशांचो?”

“तूच सांग.”

पोरीने दीक्षाचं मनगट धरलं, नाकाजवळ नेलं, आणि बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखं नीट, पारखून हुंगलं.

“बांगडो,” ती म्हणाली. मग आपला हात तिने सुईसाठी पुढे केला. “माका बांगडो आवडता.”